खपली गहू आणि स्पेल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी कृष्णाकाठच्या काळ्या रानात दरवर्षी थोडी खपली असते. सुगी झाली की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाला गहू हवा असतो, पण बहुतेकांना आधी काहीतरी विचारायचं असतं, आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरात कुणाला आजार आहे म्हणून हे वाचत असाल, तर आधी प्रश्न 7 आणि 8 वाचा.

1. खपली म्हणजे नेमकं काय? गहूच ना?

गहूच, पण टरफलाचा गहू. लोकवनाची मळणी केली की दाणा सुटून पडतो आणि भुसा वाऱ्यावर जातो. खपलीची ओंबी मळणीत मोडते, पण दाणा उघडा पडत नाही. दोन-दोन दाणे पोटात घेतलेल्या बंद कुड्या हाती येतात, म्हणून तिला जोड गहू असंही म्हणतात. जखमेवर धरलेली खपली जशी ओढून निघत नाही, तसं हे टरफल दाण्याला धरून बसतं. ते काढायला उखळात कांडावं लागतं, नाहीतर हलरमधून घालावं लागतं.

शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकोकम, इंग्रजीत एमर. महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि त्याला लागून उत्तर कर्नाटकात बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट हा तिचा मुख्य पट्टा. गुजरातच्या काही भागात आणि निलगिरीतही ती होते. सीमाभागात कानडी बोलणाऱ्यांकडून 'सदक' ऐकू येतं, तमिळमध्ये तिला सांबा गहू म्हणतात. देशातल्या एकूण गव्हाच्या क्षेत्रात खपलीचा वाटा जेमतेम 1 टक्का आहे.

2. पाकिटावर 'खपली (स्पेल्ट)' असं छापलेलं असतं. दोन्ही एकच का?

नाही. हा गोंधळ सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टरफल न सोडणारे जुने गहू तीन. पहिला एकदाणी, इंग्रजीत आइनकॉर्न. त्याच्या पेशीत 14 गुणसूत्रं असतात. दुसरा एमर, म्हणजे आपली खपली, 28 गुणसूत्रांची. तिसरा स्पेल्ट, 42 गुणसूत्रांचा. तिघांचंही टरफल चिवट, म्हणून दिसायला आणि वागायला ते सारखे वाटतात. कुळाने पाहिलं तर खपली बन्सीच्या जवळची आणि स्पेल्ट लोकवनाच्या जवळचा. बन्सीचीही गुणसूत्रं 28 आणि लोकवनाची 42.

स्पेल्टचं घर युरोपात आहे. दक्षिण जर्मनीतला श्वाबेन भाग, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि स्पेनमधला आस्तुरियास हे त्याचे जुने प्रदेश. जर्मन भाषेत त्याला डिंकेल म्हणतात. इ. स. 301 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले, त्या यादीत 'स्पेल्टा' हे नाव आहे. बाराव्या शतकात ऱ्हाइनकाठच्या मठातल्या हिल्डेगार्ड या जोगिणीने त्याची तोंड भरून स्तुती लिहून ठेवली. जर्मनीत स्पेल्ट आजही अनेकदा तिच्या नावावर विकला जातो.

आपल्या खपलीला स्पेल्ट म्हटल्याने तिचा मान वाढत नाही. तिचं स्वतःचं नाव खोडलं जातं एवढंच. आणि ज्याला डॉक्टरांनी काही कारणाने नेमका एक गहू टाळायला किंवा खायला सांगितला आहे, त्याची त्यात फसगत होते.

3. मग बन्सी, लोकवन, शरबती यांत खपली कुठे बसते?

लोकवन आणि शरबती हे पोळीचे, म्हणजे ब्रेडच्या जातीचे गहू. 'लोकवन' हे मुळात 'लोक-1' या वाणाचं नाव. गुजरातमध्ये भावनगरजवळच्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला आणि बोलण्यात त्याचं लोकवन झालं. बन्सी म्हणजे रव्याचा, शेवयांचा गहू, ज्याला ड्युरम म्हणतात आणि ज्याचा पास्ता होतो. खपली ही बन्सीची टरफलवाली थोरली बहीण. दोघींचा दाणा कडक आणि काचेसारखा, म्हणून दोघींचा रवा सुटा आणि रवाळ निघतो. शेतातला आणि हातातला मोठा फरक टरफलाचाच.

4. खरंच दहा हजार वर्षं जुना गहू आहे की विकण्यासाठी सांगतात?

जात खरोखर तितकी जुनी आहे. आजच्या आग्नेय तुर्कस्तानापासून सीरिया, इस्राएलपर्यंतच्या चंद्रकोरीसारख्या सुपीक पट्ट्यात माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी जी पहिली धान्यं पेरायला घेतली, त्यांत एमर होता. त्याचा रानटी पूर्वज आजही तिथल्या डोंगरउतारांवर उगवतो. 1906 मध्ये आरोन आरोनसोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो गॅलिलीत रोश पिना गावाजवळ सापडला. इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या भाकरीचा मुख्य गहू हाच. रोमन लोक त्याची पेज करून खात आणि त्याला 'फार' म्हणत. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या उत्खननातही एमर सापडला आहे, म्हणजे भारतीय उपखंडाशी त्याची ओळख फार जुनी.

एक गोष्ट मला या सगळ्याहून मोठी वाटते. एमरच्या कुळातल्या शेतातल्या गव्हाशी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला एका रानगवताचा आपोआप संकर झाला आणि त्यातून 42 गुणसूत्रांचा ब्रेडचा गहू जन्माला आला. म्हणजे आज जगात जी पोळी, पाव, नान खाल्ली जाते, तिच्या गव्हाच्या अंगात खपलीच्या कुळाचं रक्त आहे.

मात्र जात जुनी म्हणजे तुमच्या पाकिटातला वाण जुना असं नव्हे. ते प्रश्न 6 मध्ये पाहा.

5. माझा भाऊ परदेशात वनस्पतिरोगांवर काम करतो. तो म्हणतो तिथल्या पुस्तकांत 'खपली' हा शब्द आहे. हे खरं?

अगदी खरं, आणि हे जास्त लोकांना माहीत असायला हवं.

गव्हाचा जुना वैरी तांबेरा. खोडावरचा काळा तांबेरा आला तर उभं पीक चिपाड होतं. या बुरशीचे अनेक उपप्रकार असतात, आणि नेमका कोणता आला हे ओळखायला अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये एल्विन स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या 12 वाणांचा संच ठरवला. बुरशी त्या बारांवर सोडायची, कोणता बळी पडतो आणि कोणता तगतो ते पाहायचं आणि त्यावरून उपप्रकाराला क्रमांक द्यायचा. मार्क्विस, कोटा, कुबांका अशा नावांच्या त्या यादीत एक नाव 'खपली' आहे. भारतातून गेलेला हा गहू बहुतेक उपप्रकारांना दाद देत नसे.

पुढे ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातल्या वॉटरहाउस यांनी खपलीचा तिथल्या स्टाइनवेडेल गव्हाशी संकर केला. तयार झालेल्या वाणाचं नाव ठेवलं 'खपस्टाइन'. तांबेऱ्याला रोखणारी एसआर-13 आणि एसआर-14 ही जनुकं त्या वाटेने जगभरच्या गहू पैदाशीत पोचली. 1999 साली युगांडात युजी-99 नावाचा घातक तांबेरा ओळखला गेला आणि गव्हाच्या जगात घबराट पसरली. त्याच्यापुढे जी मोजकी जनुकं टिकली, त्यांत एसआर-13 आहे.

आमच्या आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते फक्त म्हणायचे, "लोकवनाला तांबेरा धरला त्या साली बी खपली उभी होती."

6. लोकवन हायब्रिड असतो आणि खपली शुद्ध देशी, मूळ स्वरूपातली, बरोबर ना?

दोन्ही अर्धी बरोबर. लोकवन हा बाजारातल्या मक्यासारखा हायब्रिड नाही. निवड आणि संकरातून स्थिर केलेला तो सरळ वाण आहे, त्याचं बी पुढच्या वर्षी पेरता येतं. जनुकीय बदल केलेला गहू आपल्या शेतात नाही, त्यामुळे तीही भीती नको.

खपलीची उंच, पडणारी, गावरान वाणं अजून काही घरांत आहेत. पण आज विकली जाणारी बरीच खपली सुधारित आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 2971 हा वाण, धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे डीडीके 1025, डीडीके 1029, निलगिरीतल्या वेलिंग्टन केंद्राचा एचडब्ल्यू 1098. हे बुटके आहेत, म्हणून लोळत नाहीत आणि उतारा जास्त देतात. यात कमीपणा काहीच नाही. हे वाण आले नसते तर आमच्या भागातून खपली केव्हाच उठली असती. गावरानच हवी असेल तर विकणाऱ्याला वाणाचं नाव विचारा. ज्याने स्वतः पिकवली त्याला ते सांगता येतं.

7. खपलीत ग्लुटेन नसतं, असं ऐकलं. सीलिॲक असलेल्या मुलीला देऊ का?

देऊ नका. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, आणि सीलिॲक म्हणजे ते खाल्ल्याने आतड्याला इजा होण्याचा आजार. खपलीत ग्लुटेन असतं. स्पेल्टमध्येही असतं आणि एकदाणीतही असतं. गहू, जव आणि राय या कुळात ग्लुटेनशिवायचं धान्य नाही.

हा समज कुठून आला तेही सांगते, कारण त्यात एक खरा धागा आहे. सीलिॲकमध्ये आतड्याला सर्वात त्रास देणारा ग्लुटेनचा एक विशिष्ट तुकडा ब्रेडच्या गव्हाला रानगवताकडून मिळालेल्या गुणसूत्रांशी जोडलेला आहे. खपलीत ती गुणसूत्रं नाहीत. पण त्रास देणारा तो एकच तुकडा नाही, बाकीचे खपलीतही आहेत. सीलिॲकमध्ये थोड्या ग्लुटेननेही आतड्याचं अस्तर झिजत राहतं, वरून काही जाणवलं नाही तरी. आपल्याकडच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोला 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. खपलीच्या पिठात ते याच्या कित्येक पट असतं.

गव्हाची ॲलर्जी असेल तरी उत्तर हेच.

काही जणांना ना सीलिॲक असतं ना ॲलर्जी, पण साध्या गव्हाने पोट जड होतं, आणि खपलीने तसं होत नाही असं ते सांगतात. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. फक्त आधी सीलिॲकची रक्ततपासणी करून घ्या, आणि ती गहू बंद करण्यापूर्वी करा. बंद केल्यावर केली तर आजार असूनही अहवालात दिसत नाही.

मुलीला ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, तांदूळ आहेत. फक्त गिरणीत तिचं पीठ गव्हाच्या मागोमाग दळू नका. जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ त्यात येतं.

8. सासूबाईंना शुगर आहे. खपली खाल्ली तर गोळ्या कमी होतील का?

गोळ्यांचा निर्णय गव्हावरून करायचा नसतो, डॉक्टरांनी करायचा असतो. 'शुगर बरी करणारा गहू' असं म्हणून खपली विकतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. माझ्याच नात्यात एकींनी त्या भरवशावर दोन महिने गोळी सोडली होती, आणि पायाची जखम चिघळली तेव्हा घरच्यांना कळलं.

खपलीचा दाणा कडक, त्यात तंतू बरे, प्रथिनं साधारण 12 ते 15 टक्के. संपूर्ण दाण्याचं पीठ किंवा जाडसर दलिया खाल्ला तर मैद्यापेक्षा किंवा पांढऱ्या भातापेक्षा साखर सावकाश चढते. पण 30 ग्रॅम पिठात कर्बोदकं लोकवनात असोत की खपलीत, 20 ग्रॅमच्या आसपास असणारच. दोनच्या चार पोळ्या झाल्या तर गहू कोणताही असो, साखर वाढेल.

सासूबाईंना खपली आवडत असेल तर जरूर द्या. पोळ्या मोजून, सोबत उसळ आणि भाजी, आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर एकदा लोकवनाची पोळी खाऊन आणि एकदा खपलीची खाऊन आकडा लिहून ठेवा. त्यांच्या शरीरात काय होतं ते तिथे दिसेल. आणि खपलीची खीर ही गुळाची खीर आहे, ती या हिशेबात गोडच धरायची.

9. खरी खपली ओळखायची कशी?

सोललेली खपली लांबट, सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळती आणि तांबूस असते. बन्सीचा दाणा भरदार, फुगीर आणि पिवळसर सोनेरी दिसतो. पांढऱ्या कागदावर दोन्ही शेजारी ठेवले की डोळ्याला लगेच कळतं, एकटा दाणा पाहून मात्र फसायला होतं. मूठभर खपली ताटात पसरा. कितीही निवडली तरी एखाद-दुसरा दाणा टरफलात राहिलेला आणि काही टोकं तुटलेली सापडतातच, कारण ती सोलूनच आलेली असते. एकसारखा गुळगुळीत, अखंड, चकचकीत माल असेल तर मला शंका येते. शहरातल्या एका दुकानातून बहिणीने आणलेलं पाकीट मी असंच ताटात पसरलं होतं. सगळा बन्सी होता, चांगल्या प्रतीचा, पण खपलीच्या भावाने.

पिठावरून ओळखण्याचा खात्रीचा घरगुती उपाय नाही. खात्रीच हवी तर टरफलासकट घ्या.

10. टरफलासकट आणली तर घरी सोलता येते का? गिरणीवाला दळायला नको म्हणतो.

गिरणीवाल्याचं बरोबर आहे. पिठाची गिरणी टरफल काढत नाही, सगळं एकत्र दळते, आणि मग पोळीत कूस लागते. आधी हलर, मग गिरणी.

घरी किलो-दोन किलो होतं. गव्हाला पाण्याचा हात लावायचा, भिजवायचा नाही, फक्त ओलसर करायचा. अर्धा तास कापडाखाली ठेवायचा, मग उखळात लाकडी मुसळाने कांडायचा. मुसळ आपटायचं नाही, दाणा दाण्यावर घासला पाहिजे. थोड्या वेळाने टरफल सैल होऊन वर येतं, ते सुपात पाखडायचं आणि राहिलेलं पुन्हा उखळात. मिक्सरवर पात्याने दाणा तुटतो, तो रवा करायचा असेल तरच.

वजनात काय उरतं ते आधीच धरून चाला. 100 किलो टरफली मालात 20 ते 30 किलो नुसतं टरफल जातं, शिवाय तुकडा होतो तो वेगळा. त्यात उतारा कमी आणि मजुरी जास्त, म्हणून सोललेली खपली लोकवनाच्या दुप्पट-तिप्पट भावाने मिळते. तुकडा टाकू नका, त्याचाच दलिया आणि उपमा सर्वात चांगला होतो.

11. पोळ्या कडेला चिरतात, फुगत नाहीत. काय चुकतं?

बहुधा दळणं. दाणा कडक असल्याने पीठ जाडसर राहतं, गिरणीत बारीक दळायला सांगा, हवं तर दोनदा. दुसरं, खपलीचं ग्लुटेन ताण धरत नाही. लोकवनाची कणीक ओढली की लांबते, खपलीची तुटते. म्हणून कोमट पाण्यात, नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पीठ सावकाश पाणी पितं, तेवढ्यात ती आपोआप घट्ट होते. फार पातळ लाटू नका. रंग तांबूस येतो, तो दोष नाही.

सुरुवातीला तीन वाट्या खपलीला एक वाटी लोकवन घालून हात बसवा. पुरणपोळीला मात्र आमच्याकडे नुसती खपली वापरत नाहीत. पुरण भरून लाटायला कणकेला जो चिवटपणा लागतो, तो तिच्यात नाही.

12. कोल्हापूरकडे लग्नात मिळते तशी खपलीची खीर कशी करायची?

हाच प्रश्न मला सर्वात आवडतो. खपलीचं खरं ठिकाण पोळी नाही, खीर आहे. सीमेपलीकडे हिलाच हुग्गी म्हणतात.

एक वाटी सोललेली खपली घ्या. सोललेल्या दाण्यावर अजून कोंड्याचा पापुद्रा असतो. पाण्याचा हात लावून दाणे पुन्हा हलके कांडा, पापुद्रा सुटेल, तो पाखडून टाका. ही पायरी गाळली तर खीर होते, पण दाणा तोंडात रबरासारखा फिरतो. मग धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी चौपट पाणी आणि दोन चमचे तांदूळ घालून कुकरला लावा. एक शिट्टी मोठ्या आचेवर, पुढे बारीक आचेवर अर्धा तास. उघडल्यावर दाणा बोटांत दाबून पाहा. पूर्ण दबला पाहिजे, मध्ये पांढरी कणी दिसता कामा नये. कणी असेल तर पुन्हा शिजवा. एकदा गूळ पडला की दाणा मऊ होत नाही, मग तासभर उकळा की दोन तास.

शिजलेला गहू डावाने थोडा घोटा, अर्धे दाणे मोडावेत आणि अर्धे राहावेत. आता सव्वा वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, पाव वाटी किसून भाजलेलं सुकं खोबरं आणि चमचाभर भाजून कुटलेली खसखस घाला. वरून वेलदोडा, जायफळ, थोडी सुंठ. काही घरांत बडीशेप घालतात, आमच्याकडे असतेच. खीर मंद आचेवर रटरटू द्या. बुडबुडा जड होऊन फुटायला लागला आणि कडेला चकाकी आली की उतरवा.

दूध पातेल्यात घालू नका. गरम गुळाच्या खिरीत ते नासतं. ताटात वाढल्यावर वरून गार दूध किंवा तुपाची धार, ज्याला जे हवं ते. खीर थंड झाल्यावर घट्ट होते आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

13. आम्ही जर्मनीत राहतो. इथे खपली मिळत नाही. डिंकेलच्या पिठाच्या पोळ्या चालतील का?

चालतील, चांगल्या होतात. पण तो स्पेल्ट आहे, खपली नाही (प्रश्न 2). खपलीचीच जात हवी असेल तर तिथल्या सेंद्रिय दुकानांत 'एमर' नावाने मागा. इटलीत 'फार्रो' मागा, मात्र तिथे तिन्ही टरफली गव्हांना फार्रो म्हणतात. लहान म्हणजे एकदाणी, मधला एमर, मोठा स्पेल्ट. आपल्याला मधला हवा.

डिंकेलच्या पिठावर 630, 1050 असे आकडे असतात. 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा तो आकडा. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. 630 हे मैद्याच्या बाजूचं. पोळीला संपूर्ण दाण्याचं पीठ घ्या, जड वाटलं तर त्यात थोडं 630 मिसळा. डिंकेलची कणीक फार मळू नका, जास्त मळली की ती सैल पडून चिकटते.

एक गंमत तिथे असताना नक्की चाखा. दक्षिण जर्मनीत डिंकेल हिरवा, दुधाळ असतानाच कापून धगीवर वाळवतात, त्याला ग्र्युनकेर्न म्हणतात. वासाला आपल्या भाजलेल्या हुरड्याच्या जवळचा. पावसाने पीक जाईल या भीतीने आधीच कापण्याची ती जुनी रीत. त्याची मसालेखिचडी सुरेख होते.

14. उपवासाला चालते का?

नाही. खपली गहूच आहे. गहू वर्ज्य असेल त्या दिवशी तीही वर्ज्य.

15. साठवायची कशी?

टरफलात असेपर्यंत फार काळजी नको. ते टरफल सोंड्यांना लवकर आत जाऊ देत नाही, कडक ऊन देऊन कोरड्या कोठीत वर्षभर राहते. सोलली की मात्र साध्या गव्हासारखीच किडते. लागेल तेवढीच सोला, उरलेलीला एरंडेलाचा हात लावून कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवा. पीठ तीन-चार आठवड्यांचंच दळा. पुढे त्याला खवट वास येतो, आणि खपलीच्या चवीचं तेवढं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

16. आमच्या दोन एकरांत करून पाहायची आहे. केव्हा पेरू आणि काय सांभाळू?

मध्यम ते भारी, निचऱ्याचं रान आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. उशीर झाला तर दाणा भरताना ऊन सापडतं. पहिलं महत्त्वाचं पाणी पेरणीनंतर 21 दिवसांच्या आसपास, मुकुटमुळं फुटताना. पुढे फुटवे, पोटरी, फुलोरा आणि दाण्यात दूध भरताना. तांबेऱ्याची धास्ती कमी, हे प्रश्न 5 मध्ये आलं. खरी धास्ती लोळण्याची. गावरान वाण कमरेच्या वर जातं. त्याला युरिया सढळ दिला किंवा ओंबी जड झाल्यावर वाऱ्याच्या दिवशी पाणी सोडलं, तर सकाळी अख्खं वावर आडवं दिसतं. हात आवरता येत नसेल तर बुटका वाणच घ्या.

आणि पेरण्याआधी जवळपास हलर कुठे आहे ते शोधा. टरफली माल घरात पडून राहिला की भाव आपल्या हातात राहत नाही.

17. दुकानातून आणलेली खपलीच पेरली तर?

सोललेली असेल तर पेरू नका. हलरमध्ये दाण्याच्या टोकाला मार बसतो, आणि अंकुर त्याच टोकाला असतो. खपलीचं बी टरफलासकट पेरतात. कुडीत दोन दाणे असल्याने एका जागी दोन रोपं दिसली तर घाबरू नका.

बी शेतकऱ्याकडूनच घ्या. ही स्वपरागित जात आहे, शेजारच्या लोकवनाने सहसा बिघडत नाही, त्यामुळे घरचं बी तीन-चार वर्षं निवडून वापरता येतं. सुधारित वाण असलं तरी घरचं बी राखणं, पेरणं आणि एकमेकांना देणं हा 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला दिलेला हक्क आहे. फक्त ते ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही.

पेरणीच्या आठ दिवस आधी 100 कुड्या मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठव्या दिवशी उघडा. 85 किंवा जास्त कुड्यांना मोड असतील तर बी चांगलं. 70 असतील तर बियाणं वाढवा. त्याहून कमी असतील तर ते बी जनावरांना घाला, आणि वेळ जाण्याआधी दुसऱ्या घरी विचारा.